घराला एक चिठ्ठी

पूनमसिंग राठोडला चार मेडल मिळाली आहेत आणि ती चारही मी हातात घेऊन पाहिली आहेत. इलाज नाही. दरवर्षी सायकल फेरी झाली की दुसऱ्या दिवशी तो हवा भरायच्या निमित्ताने माझ्या दुकानावर येतो. त्याच्या घरी पंप आहे. चांगला, दाबाचा काटा असलेला पंप आहे, मीच त्याला विकलेला. तरी येतो. अंगात फेरीचा केशरी टी-शर्ट, पाठीवर वर्ष छापलेलं. मेडल गळ्यात घालून येत नाही, एवढी लाज त्याने ठेवली आहे. खिशातून काढतो.

"पाह्य बे धम्म्या, या वर्षी जरा जड देल्लं."

मी पाना खाली ठेवतो, फडक्याला हात पुसतो, मेडल उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, "मस्त." हा एक शब्द बोलताना माझं पोट असं दुखतं की कोणत्या डॉक्टरला दाखवायचीही सोय नाही.

हेवा वाटतो, सरळ सांगतो. दुसऱ्याचं मेडल पाहून लोकांना म्हणे प्रेरणा मिळते. मला नाही मिळत. यवतमाळात सव्वीस वर्षं माझं सायकलचं दुकान आहे. फेरीत जाणाऱ्या निम्म्या सायकली आधी माझ्या हाताखालून जातात. कोणाच्या वाकड्या रिमचा आऊट काढायचा, कोणाचे ब्रेक घट्ट करायचे, कोणाची सीट वर घ्यायची, सगळं धम्मरत्नने करायचं. आणि त्या फेरीत धम्मरत्न एकदाही गेलेला नाही. पूनमसिंग चारदा गेला.

फेरी म्हणजे काय, तर जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला यवतमाळहून निघायचं, कळंबला चिंतामणीच्या देवळापाशी पोहोचायचं, पोहे खायचे आणि परत यायचं. शर्यत नाही, नंबर नाही, जो परत येईल त्याला मेडल. पहिल्या वर्षी दीडशे लोक जमवताना मंडळाच्या नाकी नऊ आले होते. मग फोटो फिरले, नागपूर-अमरावतीचे लोक यायला लागले, आणि आता जागा तीनशे, मागणारे सोळाशे. पोलीस तीनशेच्या वर एक सायकल सोडायला तयार नाहीत. रस्ता ट्रकांचा आहे, त्यांचंही खोटं नाही.

जागा मिळायची मोबाईलवर. एक डिसेंबरला सकाळी दहा वाजता अर्ज उघडायचा, जो आधी भरेल त्याची जागा. मागच्या वर्षी चार मिनिटांत सगळं संपलं. दहा वाजता माझे हात ग्रीसमध्ये असतात. मी बोट पुसेपर्यंत आणि मोबाईल माझं बोट ओळखेपर्यंत तीनशे लोक आत जाऊन बसलेले असतात. पूनमसिंग जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. त्या दिवशी तो चक्क रजा टाकतो आणि दोन मोबाईल घेऊन बसतो, एक स्वतःचा, एक बायकोचा, चंदाबाईचा.

आम्ही दोघं सायकल शिकलो ती एकाच भाड्याच्या सायकलवर. एक तासाची सायकल दोघांत. अर्धा तास त्याचा, अर्धा माझा, असं ठरायचं. पहिली पाळी नेहमी त्याची, कारण तो उंच होता आणि त्याचा पाय पायडलला पोहोचायचा. बरं, तो अर्ध्या तासाने यायचा नाही, पाऊण तासाने यायचा. "घड्याळ कुठी हाये माह्यापाशी," म्हणायचा. चाळीस वर्षं झाली, ती पंधरा मिनिटं अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

फेरीच्या दिवशी मी काय करतो तेही सांगून टाकतो. मंडळ म्हणतं, टेम्पोत बसून मागून या, कोणाची सायकल बिघडली तर बघायला. मी नाही म्हणतो. त्याच्या मागे टेम्पोत बसून जाऊ? मी गावाबाहेरच्या चढाजवळ चहाच्या टपरीवर उभा राहतो आणि पूनमसिंग परत येताना घड्याळ बघतो. पहिल्या वर्षी नऊ वीस. दुसऱ्या वर्षी नऊ सतरा. तिसऱ्या वर्षी नऊ अठ्ठावीस. अकरा मिनिटं उशीर! हात कोपरापर्यंत काळे, टी-शर्टला डाग. म्हटलं, पडला असेल कुठेतरी, बरं झालं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की अर्धा चहा तसाच टाकून मी निघालो, पाव किलो गरम जिलेबी बांधून घेतली आणि घरी नेली. माझी बायको तुळसा म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, अशीच." चौथ्या वर्षी तो नऊ पंधराला आला. त्या वर्षी जिलेबी आली नाही.

यंदा मात्र बोंब झाली. मारेगाव, कळंब, खेड्यापाड्यांतले लोक म्हणाले की आमच्याकडे मोबाईलला रेंज नाही, ही फेरी शहरातल्या त्याच त्याच तीनशे लोकांची झाली आहे. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे दातांच्या डॉक्टर साधनाताई. त्यांनी सांगितलं, अर्ज थांबवा, सगळे बसू आणि जागा वाटायची न्यायाची काही पद्धत ठरवू. नोव्हेंबरच्या एका रविवारी सभा ठेवली. मलाही निरोप आला.

न्यायाची पद्धत मला जेवताना सापडली. तुळसाची भांड्यांची भिशी आहे, गल्लीतल्या चौदा घरांची. दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी काढतात आणि ज्या घराची निघेल त्या घराला कुकर, परात, जे ठरलं असेल ते मिळतं. त्यात दोन कायदे आहेत. निघालेली चिठ्ठी सगळ्यांची पाळी होईपर्यंत डब्यात परत पडत नाही. आणि घराला एकच चिठ्ठी. हा दुसरा कायदा नंतर आला, एकीने घरातली तीन नावं टाकली आणि लागोपाठ तीन महिने भांडी तिच्याच घरी गेली तेव्हा. गल्लीत असं भांडण झालं होतं की दोघींचं बोलणं अजून बंद आहे.

तुळसा मला वाढता वाढता हे सांगत होती आणि माझा घास हातातच राहिला. पहिल्या कायद्याने पूनमसिंग बाहेर. दुसऱ्या कायद्याने चंदाबाई बाहेर, त्याचा मुलगा ऋतिक बाहेर, म्हणजे मागच्या दाराने यायची सोयही बंद.

मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमाले सायकल चालवाची हाये का पूनमसिंगभाऊले उतरवाचं हाये?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"आधी कोनतं?"

मी भाजी मागितली.

सभेला हॉल भरला होता. पूनमसिंग पहिल्या रांगेत बसला होता, अंगात तोच केशरी टी-शर्ट. मला बघून म्हणाला, "जय भीम धम्म्या." मीही म्हटलं, "जय सेवालाल." एकमेकांचा नमस्कार घालायची रीत आम्ही दोघंही सोडत नाही.

कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचे एक शेठ उठले. म्हणाले, जे फेरीला मदत करतात त्यांच्यासाठी पन्नास जागा बाजूला ठेवा. लोकांनी त्यांना बसवलं. बंटी नावाचा जिममधला पोरगा म्हणाला, आधी वीस किलोमीटरची चाचणी घ्या, जो जोरात जाईल तो घ्या. साधनाताई म्हणाल्या, "मग शर्यतच झाली की. आपली फेरी आहे." मग मारेगावचे देवराव उठले. बासष्ट वर्षांचे, कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन होते, जन्मभर सायकलशिवाय दुसरं वाहन माहीत नाही आणि साधा बटणांचा मोबाईल. ते म्हणाले, "मॅडम, रांग लावा. मोबाईल नाही आपल्यापाशी, पन उभं राहता येते."

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, बियाण्याच्या दुकानापुढं पाह्यलं नाही काय? रांगेत चपला राह्यतीन, मानसं घरी!"

सगळे हसले. देवराव कानकोंडे होऊन खाली बसले. तेव्हा मी उठलो.

सव्वीस वर्षांत मी एवढ्या लोकांपुढे बोललो नव्हतो. पण जळणाऱ्या माणसाला शब्द सुचतात. मी भिशीचे दोन्ही कायदे सांगितले. म्हटलं, "चिठ्ठ्या टाका, सगळ्यांइच्यापुढे काढा, लहान लेकराच्या हातानं काढा. पन ज्याची पाळी झाली त्यानं थांबावं. एक मानूस चार-चारदा जाते आणि दुसरा कडेले उभा राहून पाह्यते, हे बराबर नाही. आणि घराले एकच चिठ्ठी. नाही तर नवरा झाला की बायको, बायको झाली की पोरगा."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खऱ्या, जोराच्या. साधनाताईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "धम्मरत्नभाऊ, किती सरळ बोललात. पण हे यंदापासून धरायचं की मागचंही?"

"पहिल्या वर्षापासून," मी म्हटलं. यंदापासून धरलं तर पूनमसिंग सुटला असता. "जो एकदा गेला तो गेला."

"आणि घर म्हणजे नेमकं काय धरायचं?"

"राशन कार्ड. एक कार्ड, एक घर." हेही मीच सांगितलं.

मग मी पूनमसिंगकडे पाहिलं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. त्याचं तोंड पडलेलं बघायचं होतं. तो उठला आणि म्हणाला, "धम्मरत्न बराबर बोलून राह्यला. मी चारदा गेलो, आता दुसऱ्यानं जावं. माहा पाठिंबा हाये." आणि टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरातून हाकलावं आणि तो पाहुण्यासारखा हात जोडून निघावा, याला काय अर्थ आहे?

बाहेर देवरावांनी माझे दोन्ही हात धरले. "भाऊ, गरिबाचा इचार करनारा तुमच्यासारखा मानूस पायजे." मला लाज वाटली. थोडीशी वाटली. पण त्यापेक्षा सुख जास्त होतं.

अर्ज मी पहिल्याच दिवशी दिला, राशन कार्डाच्या झेरॉक्ससह. माझी लेक खुशी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. अर्ज तिनेच भरून दिला, माझं अक्षर खराब म्हणून. मग मी स्वतःच्या सायकलला हात घातला. जुनी, काळी, उंच दांड्याची. सबंध खोलली, धुतली, बेअरिंगचे छर्रे नवे टाकले, टायर बदलले. रोज पहाटे गोधनी रोडला दहा किलोमीटर मारून यायला लागलो. पन्नाशीला माझे गुडघे बोलतात, पण मी त्यांना बोलू दिलं. तुळसा म्हणाली की तीनशेत नंबर लागणं नशिबाचं आहे. मी म्हटलं, नशीब एकदा तरी माझ्या बाजूने बसेल. आणि नाही बसलं, तरी तोही जाणार नाही. हे दुसरं मी मनात म्हटलं.

चिठ्ठ्या काढायचा दिवस आला. एका शाळेच्या मैदानावर मांडव, टेबलावर मोठा स्टीलचा डबा. खुशी माझ्याबरोबर आली. "पप्पा, तुमची चिठ्ठी निघाली का मी व्हिडिओ काढतो," म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'काढतो'च म्हणतात. माझ्या शर्टाला तिनेच इस्त्री केली होती.

मैदानाच्या फाटकाशी एक फळा लावला होता. त्यावर कागद चिकटवलेले, 'या घरांची पाळी झालेली आहे, यांच्या चिठ्ठ्या डब्यात नाहीत.' मी सरळ तिकडे गेलो. पूनमसिंग राठोड चौथ्या नंबरवर होता. पुढे चारही वर्षं लिहिलेली. मी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि तिसऱ्यांदा नुसतं चवीसाठी वाचलं.

"धम्मरत्नभाऊ, तुमचंही नाव हाये की," शेजारी उभा असलेला बंटी म्हणाला आणि त्याने खाली बोट ठेवलं. त्र्याऐंशी नंबर. माझं नाव, माझा राशन कार्ड नंबर.

माझं डोकं फिरलं. मी तो कागद फाडायचाच बाकी ठेवला. तरातरा टेबलापाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मॅडम, हे काय लावलं? माह्या घरातून आजवर कोनीच गेलं नाही! एकबी मानूस नाही! सव्वीस वर्षं लोकाइच्या सायकली करून राह्यलो मी, मले एकदा जागा भेटली नाही आणि म्हनता पाळी झाली?"

साधनाताईंनी घाबरून वही उघडली, पानं उलटली. बोट एका ठिकाणी थांबलं. मग त्या माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघायला लागल्या.

मागे खुशी उभी होती. हातात मोबाईल, व्हिडिओसाठी धरलेला.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "मी गेलती ना. तिसऱ्या वर्षी. मले वाटलं, कॉलेजवाल्याइचं धरत नाहीत."

गेली होती. दोन वर्षांपूर्वी मंडळाने कॉलेजमधून पंधरा पोरी घेतल्या होत्या, त्यात ही होती. मला माहीत नव्हतं असं नाही. सायकल मीच काढून दिली होती. पण ती माझ्या डोक्यात फेरीत कधी धरलीच गेली नाही. फेरी म्हणजे पूनमसिंग गेला आणि मी राहिलो, एवढीच माझी फेरी होती. सबंध मैदानापुढे मी ओरडून सांगितलं होतं की माझ्या घरातून एकही माणूस गेला नाही, आणि ते माणूस माझ्या पाठीशी उभं होतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

खुशीच बोलली, साधनाताईंना सांगितल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मॅडम, पप्पाच्या ध्यानात हाये. गडबडीत बोलले ते. मी आली त्या दिवशी त्याइनं माह्यासाठी गरम जिलेबी आनलती."

मी पायाखालच्या मातीकडे बघत राहिलो. ती जिलेबी कशाची होती ते त्या मैदानात फक्त मला माहीत होतं.

तेवढ्यात पूनमसिंग पुढे आला. "मॅडम, सोडा ना त्याच्या एकट्यासाठी. कॉलेजच्या कोट्यातून गेलती पोट्टी, घरातून कुठी? टाका त्याची चिठ्ठी."

साधनाताईंनी आजूबाजूला पाहिलं. दोघा-तिघांनी माना हलवल्या. माझी चिठ्ठी डब्यात पडायला एका शब्दाचा उशीर होता. चार वर्षं ज्यासाठी जळलो ते समोर होतं. पण ते पूनमसिंगच्या दयेने? पहिली पाळी त्याने घ्यायची आणि मग माझी पाळीही त्यानेच मला द्यायची?

"नाही," मी म्हटलं. "नियम म्हनजे नियम."

टाळ्या पडल्या. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. मला त्या टाळ्यांचा राग आला.

पहिलीतल्या एका पोरीने डब्यात हात घातला. तिसरी की चौथी चिठ्ठी मारेगावच्या देवरावांची निघाली. म्हातारा तिथल्या तिथे उडी मारायचाच राहिला. सायकल घेऊन उद्याच दुकानावर येतो, म्हणाला, तुमच्याच हातून करून घेईन. मी म्हटलं, या. आणि पुढच्या चिठ्ठ्यांना थांबलो नाही. फाटकाकडे निघालो. खुशी गाडीपाशी गेली.

पूनमसिंग मागून आला. "काहून चिडून राह्यला बे? कायले एवढं मनावर घेतं?"

"मी त्या दिवशी टपरीवर उभा होतो," मी म्हटलं. कोणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं. "खुशी परत आली तवा. मले दिसली नाही."

"कशी दिसन? तू माह्याकडे पाहून राह्यलता. घड्याळ काढून." तो हसला. "दरसाल पाह्यतो मी तुले. मले वाटते, चाला, आपल्यासाठी कोनीतरी उभं राह्यते."

मी गाडीची किल्ली शोधायला खिशात हात घातला.

"त्या वर्षी तर तू चहा टाकून पयाला," तो म्हणाला. "पाच मिनिटं थांबला असता तर पोट्टी आलीच होती मागून. मीच तिले म्हनलं होतं, पप्पा चढावर उभे हायेत, हात दाखव."

"तू तिले कुठी भेटला?"

पूनमसिंगने मान खाजवली. "तिनं सांगू नको म्हनलं होतं. आता दोन वर्षं झाली, सांगतो. कळंबच्या अलीकडे नाल्याचा पूल हाये ना, त्याच्या पुढे कडेले बसेल होती. चेन उतरेल होती, पार आत फसेल. डोये भरून आले होते. म्हने, काका, मेकॅनिकच्या पोरीची चेन उतरली म्हनतीन लोकं, पप्पाले सांगू नका. मले कुठी येते चेन बसवता? ती सांगे तसं मी करो. तुह्या हाताखाली पाहून पाहून तिले सगळं माहीत. हात कोपरापर्यंत काळे झाले माह्ये."

"किती वेळ लागला?"

"असतीन दहा-बारा मिनिटं."

"अकरा," मी म्हटलं.

घरी जाताना गाडीवर खुशी मागे बसली होती. थोडं पुढे आल्यावर म्हणाली, "पप्पा, वाईट वाटून राह्यलं काय?" मी म्हटलं, नाही. जिलेबीचं खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तेवढं एक मेडल माझ्याकडे असू द्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात आधी तिची सायकल घेतली. चेन सैल होती. दोन वर्षांपूर्वीही सैलच होती, मला आठवलं. एक कडी काढायची राहिली होती, आणि ती काढायची राहिली कारण त्या आठवड्यात मी पूनमसिंगची सायकल दोन दिवस घेऊन बसलो होतो. धम्मरत्नने जळून काम केलं असं कोणी म्हणू नये म्हणून त्याच्या चाकांची एकेक तार ताणून दिली होती. लेकीची सायकल दहा मिनिटांत उरकली. आता कडी काढली, चेन बसवली, पायडल फिरवून पाहिलं. तिला आता फेरीत जाता येणारही नाही. पुढची पाच-सहा वर्षं आमच्या घराची चिठ्ठी निघणार नाही, आणि तोवर ती या घरात राहते की नाही कोण जाणे.

संध्याकाळी पूनमसिंग आला. हवा भरायला. यंदा मेडल नव्हतं, तरी आला.

मी पंप लावला. मग विचारलं, "चेन बसल्यावर काय झालं?"

"मंग काय, ती समोर, मी मागं. नाला सरला का तिकडचा चढ लागते ना. मले वाटलं, उतरून ढकलन. नाही उतरली. उभी राहून पायडल मारत गेली वरतोरी. गानं म्हनत होती."

"गाणं?"

"हाव. जोऱ्यानं. दम लागे तवा थांबे, मंग पुन्हा म्हने. मी काही समोर गेलो नाही, चढ सरेपर्यंत मागंच राह्यलो. पाहासारखं होतं बे."

माझी पोरगी सायकल चालवताना गाणं म्हणते हे मला माहीत नव्हतं. ते याला माहीत आहे.

त्याच्या चार मेडलांचं आता मला काही वाटत नाही. हेवा गेला असं मात्र कोणी समजू नये. तो होता त्याहून वाढला आहे. त्या भाड्याच्या सायकलची पंधरा मिनिटं मी एक वेळ सोडून देईन, पण नाल्यापाशी ती रडली तेव्हा आणि चढावर ती गायली तेव्हा तिथे तो होता आणि मी नव्हतो. त्या वेळी मी इकडे टपरीवर चहा पीत होतो आणि त्याला उशीर व्हावा म्हणून घड्याळाकडे बघत होतो.

टायर कडक झालं. मी पंप काढला नाही.

"सांग," मी म्हटलं.

"काय?"

"तेच. पुन्हा."

"आत्ताच तर सांगतलं बे."

"नाल्यापासून सांग," मी म्हटलं आणि त्याच्यासाठी स्टूल ओढलं.